चावी

यादी लागली तेव्हा महापालिकेच्या जिन्यात
नावांवरून बोटं सरकत होती.
तीनशे बारा अर्ज, चाळीस जागा,
दोन महिने, बारावी देऊन रिकामे झालेले हात.
संदेश ठोंबरेला अग्निशमन, ओल्या पायपा वाळत घालायच्या.
मृणालला रंकाळा, केंदाळाच्या ट्रॉल्या मोजायच्या.
एकाला पंचगंगेच्या स्मशानात, दान आलेल्या शेणी
मोजून वहीत लिहायच्या.
तो चिठ्ठी वाचून हसला,
मग बराच वेळ हसला नाही.

मी अर्जात लिहिलं होतं: टायपिंग, मराठी तीस.
मनात होता पंखा.
चिठ्ठीवर आलं:
बागवान नसीमा दस्तगीर, पाणीपुरवठा, सोबत चावीवाले.

चावीवाले म्हणजे हिंदुराव सुतार.
पहाटे चार, सायकलच्या दांडीला बांधलेली
लोखंडी चावी, माझ्या खांद्याला लागणारी.
त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.
"चप्पल बदल. पाय घसरतोय हितं."
एवढंच स्वागत.

झाकण उचलायचं, झुरळांना जाऊ द्यायचं,
चावी बसली की अंगानं फिरायचं, नुसत्या हातानं नाही.
सात आटे. आठवा नाही.
"कान लाव."
आधी हवा येते, कुणीतरी उठायच्या आधी खोकल्यासारखी.
मग पाणी.
कट्ट्यावरून कुणी ओरडलं, "आता पोरगी पाणी सोडणार व्हय?"
"सोडंल की," हिंदुराव म्हणाले, "तू भर."

वेळा कुठंच लिहिलेल्या नव्हत्या.
शिंप्यांच्या गल्लीला पन्नास मिनिटं,
दवाखान्यामागं तास,
मंगल कार्यालयाला, लग्न असो नसो, तेवढंच.
आमची गल्ली लाइनच्या टोकाला. पंचवीस.
करंगळीएवढी धार.
अम्मी शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायची.
तिनं मला कधी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर
नाही म्हणणं सोपं होतं.

एकोणीस मेला हिंदुरावांच्या नातवाला ताप.
फोनवर म्हणाले, "तुला येतंय सगळं."
मी एकटीनं सगळ्या गल्ल्या सोडल्या.
आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले
आणि पंचविसाव्या मिनिटाला
चावी उचलली नाही.
घागर भरत आली की तिचा आवाज वर वर चढतो.
असे कितीतरी आवाज चढले, थांबले,
पुन्हा खालून सुरू झाले.
मग कुणीतरी ओटा धुतल्याचा आवाज आला,
खराट्याचा, आरामात.
चाळीस मिनिटं झाली होती.

वरच्या गल्लीत शेवंताकाकू
अर्धी कळशी कमरेवर घेऊन उभ्या.
"आज लवकर गेलं गं."
"प्रेशर नव्हतं," मी म्हणाले.
पन्नास दिवसांत शिकलेलं
महापालिकेचं एक अख्खं वाक्य.

हिंदुरावांना कसं कळलं, मला ठाऊक नाही.
पुढचे तीन दिवस वरच्या गल्लीशी
ते सायकलला टेकून तंबाखू मळत राहिले,
वेळ झाली तरी मळत राहिले,
पाच मिनिटं, रोज पाच.
तिसऱ्या दिवशी हात झटकले.
"फिटलं. चल."

जूनमध्ये प्रमाणपत्र मिळालं,
नसीमामधला मी ऱ्हस्व, खाली शिक्का:
कार्यालयीन कामकाजाचा अनुभव.
पैसे जुलैत जमा झाले.
तळहाताचे घट्टे ऑगस्टपर्यंत होते.
अजून चारला जाग येते. जमिनीखाली
कुणी खोकलंय का, ऐकत पडते.

अम्मी अजून शेजारणीला सांगते,
"एक दिवस असं पाणी आलतं,
सगळं भरून झालं, मग मी ओटा धुतला."
शेजारीण म्हणते, "खरं की काय!"
मी कणीक मळत असते.
आणखी थोडं पाणी घालते,
नको असताना.