धरमकाटा

पाटीवर 'भुईकाटा' असं रंगवलंय,
ड्रायव्हर मात्र धरमकाटाच म्हणतात.
सावद्याबाहेर, फैजपूर रोडला,
रात्रपाळीला केबिनमध्ये मी असतो.
तत्त्वज्ञानात एम. ए., अमळनेर, दुसरा वर्ग.
बटण दाबलं की आकडा येतो,
आकड्यावर शंका घेण्याचा पगार मिळत नाही.

जानेवारी. तीन वाजून दहा मिनिटं.
सातपुड्यावरून उतरलेली थंडी
बागांना चरका देत फिरत होती.
धुडकूभाऊंचा ट्रक काट्यावर चढला,
दिल्लीचा माल, भंगाळेकाकूंच्या बागेतला,
आणि वरच्या कॅमेऱ्यात दिसलं,
घडांवर, पाल्याच्या खोबणीत,
गोधडी ओढून कुणीतरी निजलंय.
सुभान. क्लीनर. असेल तेराचौदाचा,
विचारलं तर अठरा सांगतो.

रिकामं वजन दुपारीच झालेलं,
तेव्हा तो खाली उभा होता, भजी खात.
म्हणजे आता तो केळ्यांत धरला जाणार.

"उठवा त्याला," मी म्हटलं.
"आत्तेच जपेल शे भो," धुडकूभाऊ म्हणाले,
"दोन रात जागेल शे. राहू दे ना."

झालं. बडगुजर सर आले डोक्यात,
खडूचे हात झटकत.
परिणाम बघा, म्हणाले.
बघितले. चाळीस किलो, चौदाशेचा भाव,
पाचशे साठ रुपये.
दिल्लीच्या शेठला ते टोचणारही नाहीत.
आणि पोराची झोप?
तिचा भाव कुठल्या बाजार समितीत निघतो?
मी जवळजवळ बटण दाबलंच होतं
तर सरांनी खडू फिरवला,
हेच सगळ्यांनी केलं तर?
मला दिसले रावेरपासून चोपड्यापर्यंतचे ट्रक,
प्रत्येकावर एकेक पोरगा,
वजनासाठी निजवलेला.
बरं, चांगला माणूस काय करेल?
इथे सर नेहमी घड्याळ बघायचे.
तास संपलेला असायचा.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

बटण दाबलं. आलेल्या आकड्याला हात लावला नाही.
पावतीखाली फक्त पेनानं लिहिलं,
वजनात एक माणूस आहे.
सही केली.
एम. ए. पहिल्यांदा कामी आलं
असं वाटून स्वतःला एक चहा पाजला.

चौथ्या दिवशी भंगाळेकाकू आल्या,
स्कूटीवर, पावतीची झेरॉक्स घेऊन.
दिल्लीवाल्यानं माणूस वाचला
आणि शंभर किलो कापले.
"माणूस म्हटल्यावर शंभर धरतात म्हणे.
त्या काडीत शंभर किलो कुठे रे?"
चिडल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.
मी म्हटलं, चाळीस असेल.
"तू मोजलास त्याला?"
नव्हता मोजला.
साठ किलोंचे आठशे चाळीस
मी पाकिटातून काढले.
त्यांनी घेतले नाहीत,
पण नको म्हणायला जरा वेळ लावला.

काल तोच ट्रक. तीच वेळ.
काट्याच्या अलीकडेच थांबला.
सुभान आपणहून उतरला, गोधडीसकट,
लोखंडी पट्टीच्या बाहेर जाऊन उभा राहिला,
अनवाणी, एक पाय दुसऱ्यावर घासत.
कुणीतरी त्याला सांगितलं असणार,
तुझ्यामुळे.

आकडा आला. निखळ केळ्यांचा.
पावतीखाली लिहायला काही नव्हतं,
पेन मात्र हातात तसंच.

खिडकी सरकवून विचारलं, "वय काय रे तुझं?"
"अठरा."
"ये आत. शेगडी आहे."
तो आला दारापर्यंत,
उंबऱ्याशी थांबला,
आधी खाली फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"इथलं धरत नाहीत ना वजनात?"