जाळीतलं झाड

पहिलं झाड आलं ते जाळीत आवळून,
वरसानच्या नर्सरीतून, कोरोलाच्या टपावर.
पप्पांचा एक हात स्टिअरिंगवर,
दुसरा खिडकीतून बाहेर, दोरीला धरून,
जणू बैल आहे, सुटेल.
शारजाच्या सिग्नलला शेजारच्या टॅक्सीतल्या पठाणाने
काच खाली करून विचारलं, कितने का?
पप्पांनी आकडा निम्मा सांगितला.
घरी मम्मीलाही तोच.

खोडाला पट्टी होती, तीवर देश: डेन्मार्क.
लिफ्टमध्ये डेन्मार्क मावेना.
पप्पा आणि नातूर सुलैमान, सात मजले जिन्याने,
आणि मजल्यामजल्यावर सांडत गेलेल्या हिरव्या सुया.
चौथ्यावरच्या सीरियन बाई दार उघडून म्हणाल्या,
हा वास कसला?

आम्हालाही सांगता येईना.
मम्मी म्हणाली, ओल्या लाकडाचा, जरासा कापराचा.
अनुग्रह म्हणाला, फिनेल.
पप्पा काहीच बोलले नाहीत,
एक सुई तोडून चावत राहिले.

राहुरीकडच्या त्यांच्या गावी नाताळचं झाड म्हणजे
बांधावरची बाभळीची फांदी,
तेलाच्या रिकाम्या डब्यात माती ठोकून उभी केलेली,
काट्याकाट्याला कापूस.
बर्फ कोणी पाहिला नव्हता,
कापूस सगळ्यांनी वेचला होता.
काट्यात बसलेलं पडत नाही, पप्पा म्हणायचे.
ह्या झाडाला काटे नव्हते.
मम्मीने दोऱ्याने बांधलेले तारे
रात्रभर एकेक घसरत राहिले, टक्, टक्, फरशीवर.

ते जगावं म्हणून एसी अठरावर.
बाहेर चोवीस, आम्ही आत स्वेटर घालून.
सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी,
बाळंतिणीला विचारावं तसं मम्मी त्याला विचारायची,
आणखी हवं?
जानेवारीत विजेचं बिल आलं
तेव्हा झाडाचा उरलेला निम्मा आकडा
तिला कळला.

कचऱ्याच्या पेटीत ते घालवेना.
शुक्रवारी चर्च सुटल्यावर परत टपावर बांधलं,
धैदच्या रस्त्याने गेलो, डांबर संपेपर्यंत.
तिथे लशकरान नावाचा बलुची, चाळीसेक शेळ्या.
हे काय, त्याने विचारलं.
पप्पा म्हणाले ईद, मग म्हणाले ईसा,
मग दोन्ही हातांनी हवेत त्रिकोण काढला.
लशकरानने एक फांदी वाकवली, सोडून दिली,
मान हलवली, आणि शेळ्यांना हाक घातली.
अर्ध्या तासात डेन्मार्कचा सांगाडा उरला.
एका बोकडाच्या दाढीत चंदेरी झिरमिळी,
मम्मी चपला हातात घेऊन त्याच्यामागे.

मग दर वर्षी तेच. वरसान, जिना, स्वेटर, बिल, शेळ्या.

ज्या वर्षी पप्पांची कंपनी बंद पडली
त्या वर्षी टप रिकामा होता, तरी आम्ही गेलो.
डब्यात करंज्या.
लशकरानने गाडीच्या वर पाहिलं, मग आमच्याकडे,
आणि करंजी तोंडात घालून बोट दाखवलं:
कुंपणाचे तीन खांब,
मागच्या तीन वर्षांची खोडं.

जवळ घाफचं एक झाड होतं,
शेळ्यांनी खालून सरळ रेषेत कातरलेलं.
पप्पांनी खिशातून कापूस काढला,
मेडिकलमधला, निळ्या कागदातला.
टाचा उंचावून, शेळ्यांचं तोंड पोचणार नाही असा,
बारक्या बारक्या काट्यांवर लावत गेले.
वारा होता. कापूस राहिला.
आम्ही कोणी काही गायलो नाही.
लशकरान म्हणाला, पाऊस पडला की हे खाली येईल.
कधी पडतो, मी विचारलं.
तो हसला.

जुलैत फ्लॅट सोडला.
घरमालकाच्या माणसाने भिंतीतली भोकं मोजली,
डिपॉझिटमधून दीडशे दिरहम कापले.
सोफा सरकवला तर मागे मूठभर सुया, तांबूस,
कुठल्या वर्षीच्या कोण जाणे.
मम्मीचा झाडू थांबला.
अनुग्रहने खाली वाकून वास घेतला.
म्हणाला,
फिनेलच.