पाठ उजेडाकडे

मसाकाच्या टेकडीवर, नोव्हेंबरात,
आम्ही पत्रे उभे करतो, तिरके, कोरे करकरीत,
प्रत्येकाच्या पायाशी एक रिकामं पिंप.
मधोमध चारशे वॉटचा दिवा.
जनरेटर माझ्याकडे. डिझेल, दोरी, शिव्या,
सगळं माझ्याकडे.

अंधार पडला की नाकतोडे येतात.
आधी एखादा. पत्र्यावर टक्.
मग टक् टक्,
मग शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.
हिरवे, तपकिरी, क्वचित एखादा जांभळट.
पत्र्यावर पाय ठरत नाहीत, घसरतात,
पिंपात एकमेकांवर चढत राहतात,
पोत्यात भरतानाही चढतच असतात.

लोक म्हणतात, किडा उजेडावर भाळतो.
सतरा हंगाम मी या दिव्याखाली बसलोय.
भाळलेलं कुणी दिसलं नाही.
त्यांना एवढंच ठाऊक:
उजेड असेल ते आभाळ, पाठ तिकडे ठेवायची.
आम्ही आभाळ काढून खांबाला टांगलं.
आता ते पाठ वळवतात, कलंडतात, पुन्हा वळवतात,
सरळ जायचं म्हणून
गोल गोल फिरतात.

पौर्णिमेला धंदा बसतो.
मालक चंद्राला शिव्या घालतो,
जसा काही तो पलीकडच्या टेकडीवरच्या
किग्गुंदूचा दिवा.

पहाटे नाबुकालू आणि तिच्या मुली
पंख खुडतात, पाय खुडतात,
कढईत त्यांच्याच तेलावर परततात, वर कांदा, मीठ.
वास थेट बसथांब्यापर्यंत.
मला कुणी घे म्हणत नाही. मी मुगालुला,
नाकतोडा आमचं देवक.
आम्ही तो खात नाही.
पकडायचा नाही असं कुणी सांगून ठेवलेलं नाही.
म्हणजे, मी तरी विचारलेलं नाही.

काल दीडच्या सुमारास जनरेटर खोकला
आणि दिवा गेला.
तापलेला दिवा लगेच पेटत नाही,
दहा मिनिटं निवू द्यावा लागतो.
पत्र्यांवरचा आवाज विरळ झाला.
मग डोक्यावरून काहीतरी मोठं, सैल,
दलदलीतल्या गवताकडे निघून गेलं.
मी बघायला मान वर केली,
पण माझ्या डोळ्यांत दिवा चालूच होता,
जिकडे बघावं तिकडे तोच, हिरवा, लोंबता.
एक पाऊल टाकलं आणि पिंपावर आदळलो.

मालक खालून ओरडत होता.
दहाची मी पंधरा केली.
जास्त नाही.

मग दोरी ओढली.
दिवा आधी निळसर, मग पांढरा.

टक्.