हवा थोडी कमी

शनिवारी पहाटे, रास अल खैमाच्या बाहेर
बंद पेट्रोल पंपामागे आम्ही सायकली उतरवतो.
मारिविक माझी चाकं अंगठ्यानं दाबून बघते
आणि म्हणते, अजून सोड.
डांबरावर टणक चाक पळतं,
खडीवर टणक चाक नुसतं उडतं.
मी हवा सोडते. फुस्स.
एवढ्या शांततेत तेवढ्यानंही ओशाळायला होतं.

पुढे वादी.
आमच्याकडे वादी म्हणजे
फिर्याद घेऊन कोर्टात उभा राहिलेला.
हीसुद्धा तशीच. पुरावे सगळे हजर:
पात्र, गोटे, वळणं, काठावरची बोरीची झाडं.
पाणी तेवढं तारखेला येत नाही.
दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आलं होतं म्हणे,
रस्ता घेऊन गेलं.
त्याचा एक तुकडा अजून उताणा पडलाय,
पांढरा पट्टा आभाळाकडे करून.
आम्ही सायकली खांद्यावर घेऊन त्याला वळसा घालतो.

खडीचा आवाज आधी तांदूळ निवडल्यासारखा,
मग सुपात शेंगा पाखडल्यासारखा,
मग थेट दातांत.
मनगटं सैल, मारिविक मागून ओरडते.
ती हाडांच्या वॉर्डात नर्स आहे,
तिला माणसं सांध्यांपासून दिसतात.

दोन्ही बाजूंना चुनखडीचे डोंगर, थरावर थर,
कुणी वह्यांचे गठ्ठे रचून ठेवले
आणि तपासायचे राहून गेले.
मीच तपासते ते, आठवड्यातले पाच दिवस,
खाणीच्या लॅबमध्ये, हातमोजे घालून.
चिमूटभर भुकटी, अ‍ॅसिडचा थेंब,
फसफसलं की पुढचं यंत्र सांगतं: शहाण्णव टक्के.
सही. जहाज सुटतं.
लॅबमधल्या टक्क्यांना चढ नसतो.
इथे आहे, अठरा टक्के,
आणि मी उतरून निमूट सायकल ढकलते.

वर उबैद बसलेला असतो शेळ्यांपाशी,
हातात ती लहान पात्याची कुऱ्हाड, काठीसारखी टेकून.
तो मूठभर बोरं देतो. पिठूळ, गोड,
बी चघळत ठेवण्यासारखी.
मग कुऱ्हाडीच्या टोकानं दगडातला शिंपला दाखवतो,
दर वेळी नव्यानं:
पहले समंदर. अभी पहाड.
आणि बाद में?
असं त्याला एकदा विचारलं तर
त्यानं खाणीच्या बाजूला हनुवटी केली
आणि शेळ्यांना हाक मारली.

खिंडीत रेंज येते. आईचा फोन येतो, वडखळहून.
हेल्मेट घातलंस का. जेवलीस का. ती फिलिपिनो मुलगी बरी आहे का.
आणि अगं, पापड घातले होते गच्चीवर,
सगळे आत घ्यावे लागले,
धक्क्याला जहाज लागलंय,
दोरीवरच्या कपड्यांवर पांढरं पीठ बसलंय नुसतं.
खाली वादी उन्हात उघडत असते.
कुठलं जहाज ते मला ठाऊक आहे.
नमुना क्रमांकही आठवतो.
हा डोंगर माझ्या आधी घरी पोचलाय,
सुट्टीचा अर्ज न करता,
आणि आईच्या पातळावर जाऊन बसलाय.

हे तिला कसं सांगायचं?
मी म्हणते, आई, त्या पिठावर लिंबू पिळून बघ.
ती म्हणते, ऊन लागलंय तुला, सावलीत बस.

उतार.
उताराबद्दल मला कधीच काही लिहिता आलेलं नाही.
ब्रेक, धूळ, मारिविकचं लाल जर्सीतलं पाठमोरं हसू,
एका वळणावर माझं ढोपर.
ती बाटलीतलं पाणी ओतून जखम धुते
आणि त्यातले दोन पांढरे कण
चिमट्यानं काढून माझ्या तळव्यावर ठेवते:
घे, तुझं काम.

पंपामागे परत हवा भरताना फोन थरथरतो.
आईचा निरोप. एकच शब्द.
फसफसलं.

काय झालं, मारिविक विचारते.
काही नाही, मी म्हणते.
नमुना पोचला.