कथील

एकशे चाळीस पौंड, त्यातच केबल बसवायची.
बाबांनी पाकिटावर एवढंच लिहिलं
आणि सोबत पाठवली सेंगा आत्या.
अ‍ॅग्नेस उलट वाचलं की सेंगा.
कदाचित म्हणूनच ती प्रत्येक वस्तू
आधी पालथी करून बघते:
बशी, मासा, पगाराची चिठ्ठी.

डंडीत त्या दिवशी नदीवरून धुकं वर चढत होतं.
फर्करच्या दुकानात पूर्वी कपडे ड्रायक्लीन व्हायचे;
कोटांच्या त्याच दांड्यांना आता गिटारी.

मी आत शिरले आणि संपलेच.
खिडकीपाशी ती हिरवी.
हिरवी म्हणजे गवत नाही, बाटली नाही,
समुद्र तापानं फणफणला तर त्याच्या तोंडावर येईल तो रंग.
पांढरा पिकगार्ड, मेपलची मान,
आणि लेप इतका जाड, की त्यातला माझा चेहरा
दुसऱ्या कुणा धीट मुलीचा वाटला.
एकशे एकोणचाळीस.

"वाजवून बघ," फर्कर म्हणाला.
मला तीन कॉर्ड येत होत्या, त्यातली एक बरी.
ट्यूबलाइटखाली पिकअप घुमत होते,
व्हॉल्यूम फिरवला की तापल्या तव्यावर पाणी,
आणि स्विच मधल्या घरात गेला की सगळं मुकं.
मी तो पटकन पुढं ढकलला.
आत्यानं ऐकलं होतं.

तिनं पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला.
(पर्समध्ये. खोकल्याच्या गोळ्यांशेजारी.)
फर्कर नको म्हणेपर्यंत चार स्क्रू तिच्या तळहातावर.
"बघ," करड्या, गोळा झालेल्या ठिपक्यांवर बोट ठेवत ती म्हणाली,
"थंड डाख. घाईतला.
याला जोडणं नाही म्हणत. टेकवणं म्हणतात."

घड्याळांच्या कारखान्यात अठरा वर्षं तिनं हेच केलं.
मग दारं बंद झाली
आणि त्या बोटांना शाळेच्या खाणावळीतली भांडी मिळाली.
घरी हे कुणी काढत नाही.

कुणाला न विचारता तिनं शेजारची उघडली.
तपकिरी. सनबर्स्ट म्हणे. सूर्य कसला,
सांडलेल्या चहाचा डाग.
कडेला रंगाचा ओघळ, म्हणून वीस पौंड कमी.
मागची झाकणी निघाली
आणि आत्या बराच वेळ बोललीच नाही.
प्रत्येक सांध्यावर कथील
दवासारखं वगैरे नाही, आत्याला उपमा आवडत नाहीत,
कथलासारखं: लखलखीत, उतरतं, जरुरीपुरतं.
वायरी वळणावर किंचित सैल सोडलेल्या.
"बाई आहे," ती म्हणाली. "डावखुरी.
बघ, ओघ कुठल्या बाजूनं आलाय."
मानेमागे इंडोनेशियाचा शिक्का.
"मुकादम जेवायला गेला असेल तेव्हाची ही."

मला कळलं, आता तपकिरी गळ्यात पडणार.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात,
इथं तर नावही सोनूबाई नव्हतं.
चौदाव्या वर्षी दुकानात रडत नाहीत.
मी हिरवीच्या मानेवर नुसता हात ठेवला.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तळहातातल्या स्क्रूंकडे.
"रंग मला देता येत नाही," ती म्हणाली.
"डाख येतो. हिरवी घे."
मधल्या घराचं मुकेपण तीनदा वाजवून दाखवलं
आणि केबल फुकटात सोडवली.

निघण्याआधी तपकिरीची झाकणी तिनं स्वतः बसवली,
चारही कोपरे, मग अंगठ्यानं एकदा चाचपून.
याला मीही उपमा देत नाही.

रात्री ओट्यावर वर्तमानपत्र, त्यावर हिरवी पालथी.
माळ्यावरच्या डब्यातून तिचं जुनं सोल्डरिंग आयर्न उतरलं,
टोकाला कल्हई झाली,
स्वयंपाकघरभर राळेचा वास.
पहिला सांधा फसला. तिनं तो वितळवून पुसला.
दुसरा बसला.
तिसऱ्याच्या वेळी थांबली
आणि आयर्न डाव्या हातात घेतलं.

"उगीच," म्हणाली. "बघायला."