असल्यास उत्तम

मिरज स्टेशनसमोर, झेरॉक्सच्या दुकानात
मी फॉर्म भरून देते. मराठी वीस रुपये, इंग्रजी तीस.

आज महानंदा बिराजदार आली,
जतच्याही पुढून, पहाटेच्या एसटीनं.
इस्पितळात लॅब टेक्निशियनची एक जागा.
जाहिरातीतल्या एका शब्दाखाली तिनं
बॉलपेननं रेघ ओढलेली, कागद फाटेस्तोवर :
डिझायरेबल.

एसेन्शियल कळलं, म्हणाली. ते नसलं की हाकलतात.
पण हे?
असलं तर चालतं, का नसलं तर चालतं?

कोशातलं सांगून पाहिलं : इष्ट. वांछनीय.
चहात मीठ पडल्यासारखं तिनं तोंड केलं.
मग म्हटलं, असल्यास उत्तम.
म्हणजे तुला कुणी नाही म्हणणार नाही,
फक्त दुसरीला हो म्हणतील.

हां, म्हणाली. हे माहितीय.

आमच्याकडं कानडीत एकच, बेकु.
भाकरी मागायलाही तोच शब्द, नथ मागायलाही.

आपल्यातही तसंच की, मी म्हटलं. पाहिजे.
आणि म्हणता म्हणता
त्या शब्दाचं हाड हाताला लागलं :
पाहिजे.
पाहिली जाते.

अठ्ठ्याण्णव साल. विट्याची मंडळी,
तासगावची मंडळी, परत विट्याचीच, दुसरी.
तासगावकरांनी बशीतला एक बेदाणा
खिडकीच्या उजेडात धरला,
सौद्यात धरतात तसा.
रंग बरा, म्हणाले, दाणा बारीक.
आणि मग माझ्याकडं वळले.

कुणी नाही म्हणालं नाही.
अजून कुणी म्हणालेलं नाही.

ताई, स्क्रीन बंद पडली.

माऊस हलवला. जाहिरात मोठी केली.
आणि दिसलं, ही पोरगी त्या शब्दापाशीच अडकली होती,
उंबऱ्याला ठेच लागून तिथंच बसावं तशी.
त्याच्या पुढं काय आहे हे तिनं वाचलंच नव्हतं.
मी वाचून दाखवलं :
कन्नड बोलता येणे.

कोण हवंय म्हणे यांना?
तिकडचेच पेशंट येतात गं निम्मे, अथणीचे, विजापूरचे.
सुई टोचताना कुणीतरी त्यांच्या भाषेत
झालं, झालं म्हणायला पाहिजे.

ती गप्प. ओढणीचं टोक दातात.
मी चौकोनात बरोबरची खूण केली,
तोवर घाबरून तिनं माझा हात धरला :

पण ताई, मी म्हशी हाकताना बोलते तेवढंच.
ह्याचं सर्टिफिकेट कुठं मिळतं?