अक्षर

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली.
केरबानं तक्रारपेटी उलटी करून हलवली,
तेव्हा विडीची दोन थोटकं पडली, एक जुनी लग्नपत्रिका,
आणि वहीचं पान. चार घड्या घातलेलं.

ग्रामसेवकानं वाचलं, सुरुवातीला मोठ्यानं:
'वेशीतल्या पाटीवर शंभर टक्के लिहिलं आहे.
खालच्या आळीत आठ संडासांना दारं नाहीत.
एकीनं पोतं धरून उभं राहायचं, मग दुसरीनं.
पावसाळ्यात पोतं वाळत नाही.'
शेवटच्या ओळीला त्याचा आवाज
पायरी चुकल्यासारखा झाला.

'खाली नाव?'
'नाही.'
'मंग काय किंमत त्याला,' भुजंगराव म्हणाले,
'हिंमत आसंल तर म्होरं यावं.'
बायका बाभळीपाशी बसलेल्या,
पदर दातात धरून,
कोरमपुरते अंगठे आणि सह्या देऊन
उठायच्या बेतात.
कुणी उठलं नाही मात्र.

संध्याकाळी कागद माझ्या ओट्यावर आला.
'गुर्जी, तीस वर्सं वह्या तपासल्या तुमी.
आक्षर ववळखा.'

चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
ळ चं दुसरं वेटोळं अर्धंच सोडलेलं.
तिसरीत त्यासाठी मी पट्टी उगारली होती,
हात कसा मागं आला, आठवत नाही.
'आळी'तलं ते वेटोळं अजून तसंच,
उघडं.

मला निनावी कागदांचं कौतुक नाही.
अशाच एका चिठ्ठीनं महालिंग कंपाउंडर गेला,
आधी दवाखान्यातून, मग गावातून.
सरकारी औषधं विकतो म्हणून लिहिलं होतं.
विकत नव्हता.
त्या चिठ्ठीत खाली नाव नव्हतं
पण मधोमध होतं, त्याचं, आडनावासकट.
हिच्यात वर नाही, खाली नाही, मधेही नाही.
आठ हा आकडा आहे.
जाऊन मोजता येतो.

मी कधी गेलो नव्हतो मोजायला.
त्या आळीतली बावीस पोरं
एका वर्षी माझ्या वर्गात होती.

'अक्षर आपल्याच शाळेचं आहे,' मी म्हणालो,
'एवढंच कळतं. आता नजर गेली.'
भुजंगराव बराच वेळ माझ्या डोळ्यांकडं बघत राहिले.
त्यांची बाराखडीही मीच गिरवून घेतलेली.
कागद खिशात घालताना
त्यांनी घडी होती तशीच घातली,
चार.

नाव मी इथंही लिहिणार नाही.

दिवाळीआधी गंगाखेडहून पाच दारं आली, पत्र्याची.
कडी आतून लागते, जरा खरखरते,
आवाज पार मारुतीपर्यंत येतो.
तीन अजून नाहीत.
पाटीवर शंभर टक्केच आहेत.

काल पेटीत दुसरा कागद निघाला म्हणे.
माझ्याकडं कुणी आणला नाही.